कमलचं रिकामं ताट

मुलुंड आणि दहिसर यांच्या मधे जंगल आहे.

उजवा कान टोकाशी फाटलेला. रंग भाकरीचा, करपलेल्या डागांसकट.

शेजारणीचं ताट रिकामं परत करायचं नाही. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर.

देवगडला, विहिरीच्या वाटेवर, सुलक्षणाची पोटरी. ती तेव्हा शाळेतही जात नव्हती. मग पोटात इंजेक्शनं. अजूनही रस्त्यात कुत्रा दिसला की तीच पोटरी आधी गार पडते.

सुतळी बॉम्ब फुटायच्या आधी एक क्षण अगदी शांत असतो.

पाहुण्याने बूट दाराबाहेर काढायचे असतात.

आता ही सगळी तुकडेजोड एका घरात येते. दहिसरची मोरया कृपा सोसायटी, बी विंग, पहिला मजला. झोपडपट्टी पाडून उठवलेली इमारत, एक खोली, एक स्वयंपाकघर, एक मोरी. नवरा जयवंत गेलेला, मुलगा प्रीतम जहाजावर, आणि घरात एकटी सुलक्षणा. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी पोरांनी खाली माळ लावली आणि जिन्याखाली लपलेला एक कुत्रा थेट तिच्या घरात येऊन मोरीत बादलीमागे बसला.

"घुसला गं, कमल! दार जरासं उघडं राह्यलं नि घुसला!" सुलक्षणा पलंगावर उभी राहून ओरडत होती.

समोरच्या दारातून कमल आली, तिने मोरीत वाकून पाहिलं आणि हसत सुटली. "अगं सुलू, तू पलंगावर, तो बादलीमागे. दोघांपैकी हाकलू कुणाला?"

"तू थट्टा करू नको. माका भ्या वाटता." घाबरली की सुलक्षणाची जीभ गावाला जायची.

"त्याला पण वाटतंय. बघ तरी."

कुत्रा थरथरत होता. गळ्यात निळा पट्टा, पट्ट्याला पितळी घुंगरू. बाहेर फटाका वाजला की अंगाला कंप सुटायचा आणि घुंगरू बराच वेळ किणकिणत राहायचं. मोरीच्या दारापर्यंत जाऊन त्याला बाहेर काढायची सुलक्षणाची छाती नव्हती. म्हणून कुत्रा राहिला. दया वगैरे नंतरची गोष्ट.

कमल कामाला वाघ. तिने फोटो काढला आणि आपल्या ग्रुपवर टाकला:

*कुत्रा सापडला आहे. नर. उजवा कान फाटका. निळा पट्टा, घुंगरू. पुढचा डावा पंजा पांढरा. मोरया कृपा, बी विंग, पहिला मजला, सुलक्षणाताईंकडे सुखरूप आहे. मालकाने घेऊन जावे. दिवाळीच्या शुभेच्छा.*

खाली फोन नंबर.

"सगळं लिहिलंस होय गं?" सुलक्षणाने विचारलं.

"मग? मालकाला शोधत बसायला नको."

इमारतीत कुणाचं काही लपत नाही, त्यामुळे लपवावं कसं हे कुणाला सुचतही नाही. एखादी खूण मागे ठेवायची, विचारणाऱ्याला तीच विचारायची, हे दोघींच्या डोक्यात आलं नाही. पत्ता तर नाहीच नाही.

सकाळी फोन आला. बाईचा आवाज, तोंडावर हात धरून बोलल्यासारखा.

"ती पोस्ट काढा. प्लीज, आधी काढा."

"तुमचा आहे का कुत्रा?"

"माझा आहे. मी श्वेता. मुलुंडहून निघून आलेय, त्याला घेऊन. इथे मैत्रिणीकडे आहे. काल फटाक्यांना घाबरून दोर तोडून पळाला." मग आवाज आणखी खाली आला. "काकू, माझा नवरा येईल. त्याला कुत्रा नकोय. त्याला मी कुठे आहे ते हवंय. तो आला तर कुत्रा नाही म्हणून सांगा. मी संध्याकाळी सहाला येते, गाडीची सोय होतेय. आजच जाणार आहे मी इथून. पण कुत्र्याला सोडून कशी जाऊ? घरी ठेवला असता तर त्यानं..."

सुलक्षणाने कमलला सांगितलं. कमलचा चेहरा उतरला. तिने पोस्ट काढून टाकली, पण तोवर ती कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेली होती ते देव जाणे. "वाट लावली गं मी," ती एवढंच म्हणाली.

दिवसभर सुलक्षणा जिन्यावरची पावलं ऐकत बसली. नंदकुमार भाऊजींची चप्पल फरफटते. तेजल, कमलची सून, दोन-दोन पायऱ्या चढते. पाचच्या सुमारास एक पाऊल आलं ते कुणाचंच नव्हतं. सावकाश. प्रत्येक पायरीला वेळ देणारं.

बेल वाजली.

श्वेता असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पावलं बाईची नाहीत हे कानांनी आधीच सांगितलं होतं. तरी तिने दार उघडलं. दिवाळीच्या दिवशी वाजलेल्या बेलला दार उघडायचं नाही, हे तिच्या हाताला माहीत नव्हतं.

"नमस्कार काकू. हॅपी दिवाळी. मी सुशांत." इस्त्रीचा कुर्ता, हातात सुक्या मेव्याचा डबा. तो आत आला. बूट घालूनच. रांगोळीचा एक कोपरा टाचेखाली गेला. "आमचा कुत्रा तुमच्याकडे आहे म्हणे. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय हो सगळं."

"नाही," सुलक्षणा म्हणाली. फारच लवकर म्हणाली. "म्हणजे होता. दुपारी फटाके वाजले नि पळाला."

"पळाला?"

"पळाला."

तो हसला आणि पलंगावर बसला. शेजारी तिचा फोन होता. त्याने मेव्याचा डबा नीट त्या फोनवर ठेवला, जणू त्याची जागाच ती. "हरकत नाही. मी थांबतो. कुत्र्यासाठी नाही. ती येईल ना."

"कोण?"

"काकू." लहान मुलाला समजावतात तसा आवाज. "माझी बायको. तिची तब्येत बरी नसते. कुत्र्याशिवाय ती राहू शकत नाही. म्हणजे ती इथे येणारच. मला फक्त बसायचंय."

तेव्हा सुलक्षणाच्या लक्षात आलं की काहीतरी बंद पडलंय. घुंगरू. सकाळपासून, आदल्या संध्याकाळपासून, प्रत्येक फटाक्याला मोरीतून किणकिण येत होती. आत्ता खाली एक बॉम्ब फुटला, काचा हादरल्या, कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न केकाटत सुटला. मोरीत आवाज नाही. बॉम्बला घाबरणारा कुत्रा या माणसाच्या आवाजाला श्वास रोखून बसला होता.

तिची पोटरी गार पडली. पण या वेळी कुत्र्यामुळे नाही.

सहा वाजता ती पोरगी येणार. जिना चढून, थेट इथे. तिला सांगायचं कसं? फोन डब्याखाली. खिडकीतून हाक मारावी तर हा दोन हातांवर.

"पाणी देता?"

तिने पाणी दिलं. त्याने भांडं बाजूला ठेवलं, प्यायला नाही.

"बाथरूम कुठंय?" तो उठला.

"तुंबलंय."

"हात धुवायचेत फक्त."

"अहो, तुंबलंय म्हटलं ना. घाण आहे सगळी. दिवाळीच्या दिवशी कुठे..." ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पाठीमागे चार हातांवर मोरीचं दार. तिला वाटलं, आता वाजेल. एकदाच किण्ण, आणि संपलं. मनात ती मालवणीत म्हणत होती, गप ऱ्हव रे बाबा, गप ऱ्हव.

दारावर थाप पडली.

तो थांबला. सगळा चेहरा एकदम उजळला. तो हलकेच दाराआड सरकला आणि बोटाने खुणावलं: उघडा.

दारात कमल. हातात ताट, वर क्रोशाचा रुमाल. कमलच्या घरी लक्ष्मीपूजन नसतं, बाबासाहेबांच्या फोटोला हार असतो, पण चकलीचा सोऱ्या अख्ख्या मजल्याला तिचाच लागतो.

"घे गं, गरम आहेत. लवकर रिकामं कर, मला अजून तीन घरं करायचीत."

दाराआडून तो पुढे आला. "नमस्कार."

"अय्या, पाहुणे का?" कमल म्हणाली.

सुलक्षणाने ताट घेतलं. चकल्या परातीत ओतल्या. ओट्यावर तिच्या हाताशी करंज्यांचा डबा होता, चिवड्याचा होता, शेवेचा होता, आणि साखरेचा. सकाळीच या दोघींचं एक ताट जाऊन आलं होतं, भरून. लग्न होऊन या वस्तीत आल्यापासून, झोपड्या होत्या तेव्हापासून, सुलक्षणाने कुणाचं ताट तसंच परत केलेलं नव्हतं. जयवंत गेले त्या सुतकातसुद्धा तिने शेजाऱ्यांना डबे परत करताना आत मिठाचा खडा का होईना टाकला होता, आणि त्यावरून शिव्या खाल्ल्या होत्या.

तिने ताटावर रुमाल टाकला आणि ते नुसतं कमलच्या हातात दिलं.

कमलच्या हाताला वजन कळलं. तिने रुमालाचं टोक उचललं. वर बघितलं. सुलक्षणाकडे नाही, खाली, रांगोळीत उमटलेल्या बुटाकडे.

"बरं," कमल म्हणाली. "येते."

दार लागलं.

"बोलक्या आहेत शेजारच्या," सुशांत म्हणाला आणि पुन्हा पलंगावर बसला.

मग जिन्यावर धावपळ. खाली जाणारी. मग वर दारं वाजली, एक, मग दुसरं. सुलक्षणाला वाटलं, कमलला कळलं नसेल. कमल रागावली असेल. दिवाळीच्या दिवशी रिकामं ताट दिलं म्हणून जन्माचं बोलणं टाकेल, आणि ती पोरगी जिना चढून येईल.

बेल.

नंदकुमार भाऊजी, सोसायटीचे सेक्रेटरी, हातात लाडवांची बशी. "वहिनी, दिवाळी!" ते आत येऊन खुर्चीत बसले. बेल. सुंदराबाई, दुसऱ्या मजल्याची, अनारसे. ती थेट पलंगावर, सुशांतच्या शेजारी. बेल वाजायची थांबली, कारण दार आता उघडंच होतं. किरण, तिची जाऊ, तिच्या जावेची आई, कुणी शंकरपाळे, कुणी नुसताच वाटीभर रवा, हाताला येईल ते घेऊन. पाव तासात त्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. कुणीही काही विचारलं नाही. सगळे बसले. आणि खायला लागले.

"तुम्ही कुठले?" सुंदराबाईने सुशांतला विचारलं, तोंडात अनारसा.

"मुलुंड."

"मुलुंड! मग इकडे कुठे?"

"कुत्रा हरवलाय."

"मुलुंडचा कुत्रा दहिसरला?" नंदकुमार भाऊजींना खरोखरच नवल वाटलं. "अख्खं जंगल ओलांडून? बिबट्याला काय चिठ्ठी दाखवली त्यानं?"

खोली हसली. तो नाही हसला.

"आणलाय कुणीतरी," तो म्हणाला.

हसू विरलं.

गर्दीतून तेजल सुलक्षणाजवळ सरकली, चहाचं आधण ठेवते आहे असं दाखवत. "काकू, ती मागे आहे," ती पुटपुटली. "नदीकडच्या भिंतीशी. सासूबाईंनी गेटवरच अडवली."

सुशांत उठला. इतक्या लोकांत त्याला काही करता येण्यासारखं नव्हतं. नंदकुमार भाऊजी लगेच उठले, "चला, मी सोडतो खाली, अंधारलं जिन्यात." दारापाशी तो सुलक्षणापाशी थांबला आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला,

"काकू, तुमच्या साडीला त्याचे केस आहेत."

मग तो गेला. कुणी खिडकीतून पाहून सांगितलं: पांढरी गाडी, गेटासमोर, आत बसलाय, इंजिन बंद.

आता कुत्रा न्यायचा. सगळ्यांनी सुलक्षणाकडे बघितलं. तेजल म्हणाली, "मी आणते," पण तिने मोरीचं दार उघडताच कुत्र्याने दात दाखवले. पुन्हा सगळ्यांनी सुलक्षणाकडे बघितलं.

ती आत गेली. कुत्रा मुतला होता, भीतीने, आणि त्यातच बसून होता. त्या वासाने, कसं कोण जाणे, तिला धीर आला. घाणेरडा, साधा, ओळखीचा प्रकार होता तो. तिने तांब्याभर पाण्याने त्याचे पाय धुतले. तिने साडीचा पदर घुंगरावर गुंडाळून मुठीत धरला, दुसऱ्या हाताने पट्टा. तो उठला आणि तिच्या पोटरीला, त्याच पोटरीला, अंग चिकटवून चालू लागला.

मीटरच्या खोलीशेजारून मागे वाट आहे. भिंत तिथे पडली आहे, पलीकडे गल्ली. कमल उभी होती आणि तिच्यामागे एक सडपातळ मुलगी, पाठीवर सॅक. कुत्रा भुंकला नाही. त्याने डोकं तिच्या दोन गुडघ्यांच्या मधे घातलं आणि तसाच राहिला. मुलीने सुलक्षणाचा हात धरला, ओला हात, मुताचा वास येणारा, आणि सोडला. गल्लीत थांबलेली रिक्षा दोघांना घेऊन वळली आणि दिसेनाशी झाली.

"ताट दे," सुलक्षणा म्हणाली. "भरून देते."

"राहू दे आता."

"दे म्हटलं ना."

त्या दोघी वर आल्या तेव्हा पांढरी गाडी तिथेच होती. घरोघरी पूजा झाल्या, दिवे लागले, गाडी तिथेच. सुलक्षणाने दाराला कडी लावली, वरची लावली, खालची लावली, आणि पलंगावर बसून जिना ऐकत राहिली.

आदल्या संध्याकाळी दार जरासं उघडं राहिलेलं नव्हतं. बाहेरून कुणीतरी दार ओरबाडत होतं, आणि कडी सुलक्षणाने स्वतः काढली होती.