दहा मिलिमीटर, सत्तर मीटर

दुकानात मी "कुठलाही चालेल" म्हणाले आणि निखिलने हातातले दोन्ही दोर परत शेल्फवर ठेवून दिले.

तसं त्यात नवीन काही नव्हतं. जूनपासून मला सगळंच चालत होतं. जूनमध्ये, बाविसाव्या आठवड्यात, आमचं दुसरं बाळ गेलं. त्यानंतर मी फारशी रडलेही नाही. अवनीला नर्सरीत सोडत होते, डबे भरत होते, मशीन लावत होते. भात की पोळी, चालेल. एसी बावीसवर की चोवीसवर, चालेल. सासूबाई दोन महिने येऊन राहिल्या, गेल्या, तेही चाललं. दुखत कुठेच नव्हतं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपल्या बोटांना गाल लागतो पण गालाला बोटं लागत नाहीत, तसे दिवस होते. अवनी गळ्यात पडायची तेव्हा तिच्या केसांचा वास यायचा. वास येतोय, एवढंच कळायचं.

चढायला जाऊ, ही कल्पना निखिलची. लग्नाआधी मी पुण्यात एका क्लबबरोबर पाच वर्षं कडे चढत होते. अल ऐनला आल्यावर ते सुटलं, आणि सुटल्याचं वाईट वाटायलाही वेळ मिळाला नाही. निखिल आयटीतला माणूस. उंचीची भीती इतकी की बाल्कनीच्या कठड्याला टेकत नाही. तो नोव्हेंबरपासून आठ शनिवार दीड तास गाडी चालवत दुबईच्या एका इनडोअर क्लाइंबिंग वॉलवर गेला आणि बिले शिकून आला. म्हणजे वर चढणाऱ्याचा दोर खालून धरायचा, तो निसटला तर दोर रोखायचा आणि शेवटी त्याला अलगद जमिनीवर आणायचं. मला त्याने नंतर सांगितलं. म्हणाला, "वॉलवर त्यांचा रोप असतो. रास अल खैमाच्या डोंगरात आपला लागतो. उन्हाळ्याच्या आत जाऊ. रोप घेऊ." मी म्हणाले, चालेल.

क्लबमध्ये दोर क्लबचा असायचा. स्वतःचा दोर मी कधी घेतलाच नव्हता.

दुकानातला मोईन हैदराबादचा होता. त्याच्या बोटांची कातडी निघालेली, म्हणजे स्वतः चढणारा. निखिलने त्याला अर्धा तास पिळून काढला.

"सबसे ज़्यादा टिकेगा कौनसा, भाई?"

"टिकने का पूछ रहे तो मोटी लो, साब. ये नौ-दो एमएम है, हल्की है, सब को यही होना. पर फर्स्ट रोप है तो दस एमएम. ऊपर का कव्हर मोटा रहता. वहाँ का पत्थर ब्लेड के माफ़िक है, और रेत अंदर घुस के काटती सो अलग. और पतली रोप हाथ में से सर्र जाती. आप नये हैं ना?"

"आठ शनिवार झालेत माझे," निखिल मराठीतच म्हणाला, जरा दुखावून.

"साठ मीटर लूँ या सत्तर?" मग त्याने मोईनला विचारलं.

"काम साठ में हो जाएगा. पर घिसते पहले सिरे. सत्तर लोगे तो सिरे काट-काट के दो साल ज़्यादा चलेगी."

"ये कितने का है?"

"सात सौ अस्सी."

"सातशे ऐंशी दिरहम, म्हणजे अठरा हजार रुपये झाले की," निखिल मला म्हणाला. मग दोन्ही दोर माझ्यापुढे धरले. "बोल. तुझं क्षेत्र आहे. कुठला?"

तेव्हा मी ते म्हणाले.

निखिलने दोर ठेवले, मोईनला "बाद में आते हैं" म्हणाला आणि अवनीला उचलून बाहेर पडला. मला वाटलं, पैशांचा विचार करत असेल. गाडीत बसल्यावर त्याने किल्ली फिरवली, एसी लावला, पण गाडी काढली नाही.

"अनु, मी नाही धरणार दोर."

"बरं."

"बरं नाही. ऐक. तू वर असणार, मी खाली. माझ्या हातात तेवढा एक दोर. आणि तुला कुठलाही दोर चालतो. मग मी काय धरून उभा राहू?" तो स्टिअरिंगकडे बघत बोलत होता. "तू पडशील ह्याला मी घाबरत नाही, तू पडायला घाबरत नाहीयेस ना, त्याला घाबरतोय. तू स्वतः निवड. हा हवा, हा नको, असं म्हण. ज्या दिवशी म्हणशील त्या दिवशी जाऊ. नाही म्हणालीस तर खलास, विषय बंद. मी परत काढणार नाही."

मागच्या सीटवरून अवनी म्हणाली, "बाबा, आर यू अँग्री?"

"नो बेटा. हंग्री."

मला त्याचं म्हणणं पटलं. पटलं म्हणजे गणित सुटावं तसं पटलं. निवडायला मला काही हरकत नव्हती, पण एक उचलायला लागणारं जे काही असतं ते कुठे ठेवलंय हेच आठवत नव्हतं.

जेवायला आम्ही सुजीतकडे जाणार होतो, दुबईतच, जुमेरा लेक टॉवर्समध्ये. सुजीत निखिलचा पहिल्या नोकरीतला मित्र. बारा वर्षांनी तो आणि त्याची बायको शुभ्रा 'फॉर गुड', म्हणजे कायमचे, पुण्याला निघाले होते. आमच्याकडे फॉर गुड जाणाऱ्याचं घर असंच वाटलं जातं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर यादी पडते, ज्याने आधी हात वर केला त्याच्या नावाची चिकटपट्टी त्या वस्तूवर लागते. आमचं निम्मं घर असल्याच पट्ट्यांचं आहे.

"या वहिनी, या," सुजीतने दार उघडलं. "खुर्च्या गेल्या, माणसं शिल्लक आहेत. जमिनीवर बसायचं."

हॉलमध्ये खोके होते आणि खोक्यांच्या पलीकडे पांढरा पाळणा होता. एप्रिलमध्ये आम्ही तो शुभ्राकडून नेला होता, जुलैत निखिल परत देऊन आला होता. आता त्यावर 'इशिता' अशी पट्टी होती. मंडळातली इशिता सातव्या महिन्यात आहे. पट्टीचा एक कोपरा सुटला होता, तो मी दाबून बसवला. शुभ्राने बघितलं आणि घाईघाईने कागदी ताटल्या मोजायला लागली.

वरण-भात आणि बाहेरून मागवलेली भाजी. निखिलने दुकानाची गोष्ट अर्धी सांगितली, गाडीतली नाही.

"नवीन?" सुजीत म्हणाला. "वेडा आहेस का रे? माझा आहे ना. बॅचलर असताना घेतलेला. दोनदा वापरला, मग ही आयुष्यात आली."

"हो, त्यानंतर दोराशिवायच पडला," शुभ्रा म्हणाली.

सुजीत आतून निळी पिशवी घेऊन आला. आत हिरवा दोर, गुंडाळी दुकानातल्यासारखी, कव्हरवर एक धागा निघालेला नाही. "पुण्याला नेणार होतो. ही म्हणते पाच किलो वजन, काढ. ग्रुपवर टाकणारच होतो. साठ मीटर, दहा एमएम, एकदम कोरा. शुभ्रा, वहिनींच्या नावाची पट्टी लाव."

शुभ्राने पट्टी फाडली, मार्करने 'अनुराधा' लिहिलं आणि पिशवीला चिकटवली.

"चालेल ना, वहिनी?"

"चालेल," मी म्हणाले.

निखिलचा घास हातातच राहिला. निघालेल्या मित्राने प्रेमाने दिलेली वस्तू त्याच्या तोंडावर नको म्हणणं आमच्यात कोणाला जमत नाही. शेजारच्या घरातला जुना मिक्सरसुद्धा आपण हसून घरी आणतो आणि मग वर्षभर वैतागतो. निखिल भात कालवत राहिला. आता तो दोर आमच्या घरी येणार, कपाटात पडणार आणि विषय बंद होणार, एवढं मला दिसत होतं.

अवनीने तोवर दोराचं टोक शोधून ओढायला सुरुवात केली होती. "ममा, इट्स सो लाँग. कॅन आय काउंट इट?"

"कर."

ती ओढायची आणि मी तिच्यामागून सरकता दोर हातातून सोडायचे, गुंता नको म्हणून. म्हणजे मला तसं वाटत होतं. थोड्या वेळाने लक्षात आलं की माझे डोळे मिटलेत आणि अंगठा नि दोन बोटं आपलं जुनं काम करतायत. क्लबचे सूर्यकांत सर दर महिन्याला आम्हाला ओळीने बसवून प्रत्येक दोर इंच इंच हातातून न्यायला लावायचे. डोळे मिटून, कारण डोळ्यांना दोर नेहमी चांगलाच दिसतो. हातभर दोर घ्यायचा, वाकवायचा. चांगला दोर बांगडीसारखा गोल वळतो.

"ट्वेंटी एट, ट्वेंटी नाइन, ट्वेंटी टेन," अवनी मोजत होती.

गोल. गोल. गोल. कितवा मीटर होता माहीत नाही, मध्याच्या जरा पुढे, बोटं थांबली. मी डोळे उघडले. काहीच नव्हतं, हिरवं कव्हर तसंच तुकतुकीत. परत मिटले. दोन बोटांच्या रुंदीएवढ्या जागेत आतून भरीव काही लागत नव्हतं. वाकवला तर तिथे तो कागदासारखा घडी झाला.

"सुजीत, हा कुठे ठेवलेला असायचा?"

"डिकीत. का?"

"किती वर्षं?"

"पाच... सहा धर."

"उन्हाळ्यात पण?"

"वहिनी, उन्हाळ्यात डिकी काढून घरात ठेवतात का?"

"आणि काय काय असायचं डिकीत?"

"काय असणार. पाण्याचे कॅन, स्ट्रोलर, मुलाचा बॉल. एक जुनी बॅटरी पडलेली असायची गाडीची, जंप स्टार्टला लागेल म्हणून."

बॅटरीचं ॲसिड दोर आतून खातं, कव्हरवर दिसेलच असं नाही. सर हे इतक्यांदा सांगायचे की आम्ही त्यांची नक्कल करायचो.

"हा नाही चालणार," मी म्हणाले.

शुभ्रा वाढता वाढता थांबली. निखिलने ताटली खाली ठेवली.

"अगं, नवा आहे," सुजीत म्हणाला. घाईत वहिनीचं अगं झालं. "दोनदाच वापरलाय. बघ तर, दिसतोय कसा."

"दिसतोय चांगला."

"मग?"

"ह्याच्यावर निखिलने मला धरायचंय, सुजीत. आणि मला परत खाली यायचंय."

मला वाटलं होतं, बोलून झाल्यावर काहीतरी होईल, रडू येईल. काही झालं नाही. फक्त दोराचा तो नरम भाग चिमटीत होता आणि सोडवत नव्हता.

"बरं, बरं," सुजीत हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "मग मंडळातल्या त्या रेयांशच्या बाबांना देतो, ते पण ट्रेकला जातात."

"कोणालाच द्यायचा नाही. कापायचा. क्लबमध्ये कापतात, नाहीतर कोणीतरी चढतंच."

"कापायचा?"

"तुझा आहे. तू म्हणशील तसं."

सुजीतने निखिलकडे बघितलं. निखिल म्हणाला, "तिला विचार. मला ह्यातलं काही कळत नाही. माझे आठच शनिवार झालेत."

खोकी बांधायचा कटर शुभ्रानेच आणून दिला. मी नरम जागेवर पातं फिरवलं. हिरवं कव्हर सुटलं आणि आतले पांढरे धागे बाहेर आले. सुजीतने दोन धागे ओढले. भाजलेल्या शेवया मोडाव्यात तसे ते त्याच्या बोटांत मोडले. तो बराच वेळ त्या चुऱ्याकडे बघत होता.

"मी नेणार होतो हा," तो म्हणाला. "पुण्यात गेल्यावर परत सुरू करायचं म्हणून."

शुभ्राने त्याच्या हातातून तो चुरा काढून घेतला आणि कागदी ताटलीत टाकला. मग तिने आम्हाला लिफ्टपर्यंत सोडलं. माझा हात तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला.

खाली पार्किंगमध्ये निखिलने विचारलं, "घरी?"

"दुकानात."

यू-टर्न घेताना त्याने सिग्नल उलटा दिला. मागच्या गाडीने हॉर्न मारला.

मोईन आम्हाला बघून चकित झाला नाही. मी दहा एमएम मागितला. तो शेल्फवरचा घेऊन आला, मी लेबल उलटून तारीख वाचली. तीन वर्षांपूर्वीचा.

"ये नहीं. नया वाला दिखाइए."

"मॅडम, पॅक है, कुछ नहीं हुआ."

"मालूम है. फिर भी नया."

त्याने दुसरा आणला. ह्याच वर्षीचा. मी पॅकेट उघडायला लावलं, हातभर दोर काढून वाकवला. गोल. दोराचा मध्य दाखवणारी खूण बघितली, नखाने खरवडून बघितली. निखिल जवळच्या बाकावर अवनीला मांडीवर घेऊन बसला होता आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

"साठ ना?" मोईनने विचारलं. "साब साठ का पूछ रहे थे."

"सत्तर. सिरे काटने पड़ेंगे."

"वज़न होगा."

"ये उठाएँगे," मी निखिलकडे हात केला.

"उठाएँगे," निखिल भिंतीकडे बघतच म्हणाला.

"कलर बोलो फिर. सत्तर में दो हैं. ऑरेंज, और ये पर्पल."

मोईनने दोन्ही काउंटरवर शेजारी ठेवले. अवनी उतरून आली, टाचा उंचावून बघायला लागली. "पर्पल, ममा. प्लीज."

मी ऑरेंजकडे बघितलं. रस्त्याच्या कामावरच्या जॅकेटसारखा होता. पर्पल त्याहून वाईट, त्यात पिवळे ठिपके. ज्याच्याकडे बघत वर चढायचं, जे धरून खाली यायचं, ते इतकं कुरूप कशाला असायला हवं? माझ्या कपाळाला आठी पडली होती. ती पडल्याचं मला स्वतःला कळलं.

"दोनों अच्छे नहीं लग रहे," मी म्हणाले. "और कुछ नहीं है?"

निखिलने मान वळवली.

"स्टोअर में एक ग्रीन या ग्रे होगा शायद," मोईन म्हणाला. "देखना पड़ेगा. टाइम लगेगा."

"देखिए ना. हम रुकते हैं."

तो शिडी घेऊन आत गेला. आम्ही तिघं काउंटरपाशी थांबलो.