गारांची घंटा
"अवो मास्तरीणबाई, पोरास्नी पाढं शिकवायचं सोडून आभाळ मोजायला बसवलंय व्हय?" मी रस्त्यावरनंच वरडले.

दिवसभर द्राक्षाच्या वेलींवर औषध फवारून हात निळे झाले होते, आणि शाळेच्या भिंतीवर ही पोरं ओळीनं बसून आकडे ओरडत होती. माझं टाळकंच फिरलं. विदाबाईंनी मीटरभर दोरीला दगड बांधून जर्दाळूच्या फांदीला टांगला होता. दगड ह्या टोकाहून त्या टोकाला गेला की एक सेकंद.

"पाढेच चाललेत, नेझाताई," बाई म्हणाल्या. "वीज दिसली की मोजायचं, गडगडाट ऐकला की थांबायचं. आवाजाला किलोमीटरभर यायला तीन सेकंद लागतात. रेझिका, पंधरा झाले. वीज किती लांब?"

"तिनानं भागलं की पाच किलोमीटर."

"आणि आकडा घटत गेला तर?"

"वादळ आपल्याकडं येतंय."

ही रेझिका म्हणजे घंटावाल्या गाश्परची आईवेगळी पोर. गारांचा ढग आला की गाश्परनं चर्चच्या मनोऱ्यात जाऊन मोठी घंटा बडवायची, म्हणजे ढग फुटून पल्याड जातो, ही आमच्या टेकड्यांवरची जुनी रीत. त्याच्यावरच त्या बापलेकीची चूल पेटायची.

"बाई, मनोरा समद्यात उंच हाय. वीज त्यालाच आधी धरंल का?" पोरीनं विचारलं.

बाईंचा चेहरा उतरला. "आकडा दहाच्या खाली आला की मनोऱ्यात कुणी थांबू नये," त्या हळूच म्हणाल्या.

"वा, बाई, वा!" मी म्हटलं. "आन् आमच्या द्राक्षांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

जुलैच्या शेवटी, सेंट आनाच्या सणाच्या आदल्या दुपारी समुद्राकडनं पिवळ्या कडांचा ढग आला. तो रंग गारांचाच. गारा टळाव्यात म्हणून मी चर्चमधनं मंतरून आणलेली ऑलिव्हची फांदी चुलीत टाकली. घंटा सुरू झालीच होती. माझं दार मनोऱ्यासमोर. बघते तर रेझिका मनोऱ्याच्या दारात उभी, कानामागं हात धरून गडगडाट हेरत होती.

"बा, नऊ झालं! तीन किलोमीटर! बाहेर ये!"

"घरी जा!" आतनं गाश्पर दोर ओढत ओरडला. "घंटा थांबली तर गाव मला जित्ता सोडंल का?"

"सहा! बा, दोनच ऱ्हायलं!"

तो काही ऐकेना. मग पोरगी आत शिरली आणि दोराला लोंबकळली. "ओढ आता! मीबी हितंच मरते!"

गाश्परनं तिला शिवी हासडली, काखेत मारली आणि पळत बाहेर आला. ती दोघं माझ्या उंबऱ्यात पाय टाकतात न टाकतात तोच मनोऱ्यावर पांढराफेक लोळ कोसळला. कान बधिर झाले. मनोऱ्याच्या उघड्या दारातनं दोर वरपासून खालपर्यंत जळताना दिसला. पोरगी बापाच्या मानेला अशी चिकटली की सोडवता सुटेना. मी त्यांच्या तोंडावर पाणी मारत होते.

आणि मग गारा आल्या. अक्रोडाएवढ्या. वेलींवर पान राहिलं नाही.

ढग सरल्यावर सगळं गाव चर्चच्या अंगणात जमलं. चिखलात द्राक्षांचे हिरवे मणी तुडवत आलेली माणसं, कुणाच्या तोंडाला धरबंध राहील?

"घंटा थांबली म्हणून गारा पडल्या!" सगळ्यात मोठा आवाज आमच्या घरधन्याचा, लोव्रोचा.

"पण दोराचा कोळसा झालाय, बघा तरी," विदाबाई म्हणाल्या. "गाश्पर आत असता तर?"

"तुमचं गणित शाळंत ठेवा, बाई! त्यापायी वर्षाची वाइन गेली!"

मीही ओरडले. खोटं कशाला बोलू, वेलींकडं बघून काळीज जळत होतं. गाश्पर पोरीचा हात धरून खाली मान घालून उभा होता. गावप्रमुखानं तिथल्या तिथं त्याचं काम काढून घेतलं. पोटापाण्याचं काय, हे कुणी विचारलं नाही.

मग प्रमुखानं नव्या दोराचं वेटोळं पायरीवर टाकलं. "बोला, आता घंटेला कोण?"

कुणी खाकरलं, कुणी टोपी झटकली. पश्चिमेला अजून गुरगुरत होतं. प्रमुख माझ्या पुढ्यात कठड्यावर बसलेल्या लोव्रोकडं बघत राहिला. एवढा ओरडलेला माणूस, आता मागं कसा हटणार? तो उठायला लागला.

मी त्याचा सदरा मागनं गच्च धरला. "बस खाली."

"नेझा, लोक बघत्यात."

"बघू दे. द्राक्षं पुढल्या साली येत्याल."