पेशीतला हमाल

उर्वीने थर्मासचं झाकण फिरवलं आणि आतलं मुगाचं पाणी वॉर्डाबाहेरच्या बेसिनमध्ये ओतून टाकलं.

"अगं, पागल झालीस का?" कमलआत्या बाकावरून उठली. "त्यानेच दूध सुधारेल ना तुझं!"

"पंधरा दिवस पितेय आत्या. आता बस."

कमल तिची सख्खी आत्या, आणि दीड वर्षापासून सासू. भावाची मुलगी तिने आपल्या नीरजला करून घेतली, तेव्हा सगळ्या बेटमा गावात हौसेने सांगितलं होतं, घरची मुलगी घरातच आली. बाळ आता सव्वीस दिवसांचं होतं. जन्मापासून जुलाब थांबत नव्हते. शिरेतून मिळेल त्यावर ते तग धरून होतं. आत्याने मात्र डिस्चार्जचा फॉर्म मागवला होता. बेटम्याच्या वैद्याकडे न्यायचं आणि शेळीचं दूध सुरू करायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"नीरज, सही कर."

नीरजने पेन काढलं. उर्वीने त्याच्या हातातला फॉर्म ओढला, घड्या घालून पर्समध्ये कोंबला.

"तीन दिवस माझ्या दुधाचा थेंब नाही त्याच्या पोटात. थांबले जुलाब? मग दूध कसं बाधतंय? नळी काढलीत तर बेटम्यापर्यंतसुद्धा पोचणार नाही तो."

"उलट बोलतेस?"

"हो. बोलतेय."

तेवढ्यात डॉक्टर इरावतींनी तिघांना आत बोलावलं. बाळाच्या आतड्याच्या तपासणीचा रिपोर्ट आला होता.

"आतड्याच्या पेशींवर ब्रशसारखे बारीक तंतू असतात. अन्न तिथूनच अंगात जातं. मूत्रपिंडातही असतात, पण त्याची मूत्रपिंडं सध्या ठीक आहेत. या तंतूंना लागणारा माल पेशीत वरपर्यंत वाहून नेणारं एक प्रथिन असतं. हमालच समजा. बाळाचा हमाल माल वर पोचवत नाही. तंतू नीट उगवत नाहीत, काही आतच अडकून राहतात."

"म्हणजे दूध..." आत्याने विचारलं.

"दुधाचा संबंध नाही. आईच्या खाण्याचाही नाही. बिघडलेला जीन आई आणि वडील, दोघांकडून आला तरच हे होतं. तुम्ही नात्यातले आहात?"

"या माझ्या आत्या," उर्वी म्हणाली. "बाबांच्या सख्ख्या बहीण."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. आत्याने पदर सारखा केला, मग पुन्हा केला.

"शिरेतून पोषण चालू ठेवावं लागेल. पुढे कदाचित आतड्याचं प्रत्यारोपण. खूप लांबणारं काम आहे."

"करू," उर्वी म्हणाली.

तपासणीसाठी आईवडिलांचं रक्त हवं होतं. सिस्टर ट्रे घेऊन आली. नीरज बाही वर करत होता, इतक्यात आत्या पुढे होऊन खुर्चीत बसली. बांगड्या कोपराकडे सरकवून तिने हात टेबलावर ठेवला.

"आजी, तुमचं नाही लागत."

"लागतं. बेटम्यात घरोघर मी सुनेचं दूध बाधतं म्हणून सांगून आलेय. दोष माझ्याकडूनही आला असेल, तर मला माझ्या नावाचा कागद पाहिजे."

सिस्टरने डॉक्टरांकडे पाहिलं. आत्याने हात मागे घेतला नाही.