साक्षीला चालेल असा माणूस

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहून पुसलं. त्यातल्या एका गोष्टीचं उत्तर मला स्वतःलाच माहीत नाही, म्हणून. पण आज धुकं एवढं उतरलंय की फेरीबोट सुटायची नाही, आणि कारखान्यात खेकडे आलेच नाहीत. तर लिहितो.

हेडलीने चहाच्या कपाकडे हात नेला आणि हात वाटेतच थरथरायला लागला. मी उठलो, कप उचलून त्याच्या ओठांशी नेणार, तेवढ्यात तो म्हणाला,

"ठेव."

"सांडेल, स्किपर."

"सांडू दे. क्लॅरिस येऊन पाजेल."

क्लॅरिसमावशी, त्याची बहीण, मागे कपडे वाळत घालत होती. या हवेत काय वाळणार, पण घालत होती. आम्ही दोघं त्या कपाकडे बघत बसलो. वाफ गेली. डब्याच्या दुधाची साय वर धरली. मावशी आली, तिने माझ्याकडे असं बघितलं की हा एवढा मोठा धटिंगण बसलाय काय नुसता, आणि कप उचलून त्याला पाजला. तो मुकाट्याने प्यायला.

सगळा हिवाळा हेच.

ब्रिमर्स कोव्ह या बेटावर आम्ही त्रेचाळीस माणसं. बाकी समुद्र. हेडलीला बारा वर्षांपूर्वी पायात मुंग्या आल्या, मग पाय गेले, आता हात निघालेत. एमएस म्हणतात त्याला, मज्जातंतूंचा आजार. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला कळ येते तेव्हा तो दाराची चौकट बघत राहतो. कळ गेली की म्हणतो, "हां, काय सांगत होतास?" या आजाराने माणूस लवकर मरत नाही. असाच वीस वर्षंही जगू शकतो, असं डॉक्टरने त्याला सांगितलं होतं, आणि ते आनंदाने सांगितलं होतं.

घरी मदतीला बाई मिळावी म्हणून मावशीने सरकारकडे अर्ज केलेला. उत्तर आलं, बेटावर यायला कुणी तयार नाही. मग गावानेच यादी केली आणि त्याच्या फ्रिजवर लावली. सोमवारी जेराल्ड उचलून खुर्चीत बसवणार. मंगळवारी उना अंघोळ घालणार. बुधवारी तिची सून. असं सगळं गाव. मी सोळाव्या वर्षापासून त्याच्या होडीवर होतो, होडी विकली तोपर्यंत. मी माझं नाव शनिवारसमोर लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते हेडलीने खोडायला लावलेलं.

"अरे, खेकड्यांचा शंभर किलोचा पिंजरा उचलतो मी. तुला उचलता येणार नाही?"

"पिंजऱ्याला तोंड नसतं. मला तुझी बडबड ऐकावी लागेल."

"मग मी येऊच नको का?"

"ये की. लांब बस. हात लावू नको कशाला."

मला वाटलं, होडी विकल्यावर मी कारखान्यात गेलो त्याचा राग असेल. घरी जाऊन एकदा रडलोही, आता लिहायला हरकत नाही. पण जायचं सोडलं नाही. खिडकीशी बसायचो. तो गोळ्यांच्या गुंगीत बोलायचा आणि मी ऐकायचो.

एक गोष्ट तो पुन्हापुन्हा सांगायचा. तो चार वर्षांचा असताना सरकारने पलीकडचं जुनं गाव उठवलं. लोकांनी घरं तेलाच्या पिंपांवर तरंगवली, होड्यांनी ओढली, आणि इथे आणून लावली. हेच घर. सगळे म्हातारे सांगायचे की पोरांना होडीत बसवलं होतं. हेडली म्हणायचा, नाही, मी घरात होतो. वरच्या खिडकीत. पडदा होता, पडद्याच्या पलीकडे पाणी चाललं होतं, आणि खाली चुलीवरची किटली हलत होती पण पडत नव्हती.

"घर चालत होतं, सेल्बी. आणि कुणालाच कुठे जायची घाई नव्हती."

मावशी आतून ओरडायची, "होडीत होतास तू. माझ्या मांडीवर ओकलास."

फेब्रुवारीत टिझर्ड नर्सबाई फेरीने आल्या. हेडलीनेच बोलावलं होतं, कुणाला न सांगता. आमच्या देशात पूर्वी जो मरायला टेकलाय त्यालाच डॉक्टरच्या हातून मरण मागता यायचं. मग कायदा रुंदावला. मरण जवळ नसलं तरी मागता येतं, पण मग निदान नव्वद दिवस तपासणी चालते, दोन जण वेगवेगळं बघतात, आणि काय काय मदत मिळू शकते ते सांगावं लागतं. नर्सबाईंनी सगळं सांगितलं. मावशी हात पुसत ऐकत होती.

"दोन वर्षं अंघोळीला बाई मागतेय मी," ती म्हणाली. "ती येत नाही. आणि मरायचं म्हटल्यावर तुम्ही पहिल्या फेरीने आलात."

नर्सबाईंचे कान लाल झाले. मला त्या वाईट वाटल्या नाहीत, उलट कीवच आली.

"बाई आली असती तरी मी मागितलंच असतं," हेडली म्हणाला.

"ते तुला काय माहीत? आली कुठे?"

"क्लॅरिस, मला दुखतं. तू उचललंस तरी दुखतं, तिने उचललं तरी दुखेल."

"काल जोन्सच्या पोराने गाणं म्हटलं तेव्हा हसलास तू."

"हसतानाही दुखत होतं."

यावर मावशी उठून बाहेर गेली. कोण बरोबर, मला तेव्हाही कळलं नाही. आताही ज्याचं बोलणं आठवतं तोच बरोबर वाटतो.

एप्रिलच्या शेवटी एक हिमनग येऊन खाडीच्या तोंडाशी अडकला. चर्चएवढा. रात्रंदिवस तिथेच. धुक्यात तो दिसायचा नाही, पण त्याची थंडी घरात कळायची, कुणीतरी दार उघडं टाकल्यासारखी. त्या दिवशी हेडलीने मावशीला दुकानात पाठवलं आणि मला म्हणाला, "जवळ ये. एवढा जवळ नको."

मग त्याने सांगितलं. अर्जावर साक्षीदाराची सही लागते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळणारं नसावं. आणि तो अर्जदाराची सेवा करणारा नसावा. अंघोळ, जेवण भरवणं, उचलणं, यातलं काही करणारा चालत नाही.

"आता या बेटावर असा माणूस दाखव."

मी मनात घरं मोजत गेलो. मावशीला घर मिळणार. जेराल्ड उचलतो. उना, तिची सून, शाळेची बाई सूप भरवते, दुकानदार दाढी करतो. पाद्री महिन्यातून एकदा येतो आणि त्याने नाही म्हणून सांगितलंय. टेकडीवरचा म्हातारा अँब्रोजसुद्धा त्याची नखं कापून जातो.

"मी," मी म्हणालो.

"सप्टेंबरपासून जपलाय तुला. एक कप उचलू दिला नाही."

मी म्हणालो, "नर्सबाई कुणाला तरी आणतील की."

"सेंट जॉन्स शहरातून स्क्रीनवर मिळतो म्हणे एखादा साक्षीदार. चांगली माणसं असतात. पण मला तो नको. माझ्या नावाखाली मला ओळखणाऱ्याचं नाव पाहिजे. तू आठ वर्षं माझ्या होडीवर होतास. मी वेडाने बोलतोय की शहाणपणाने, ते तुला कळतं. त्याला काय कळणार?"

"बघतो."

"बघायचं काय त्यात, लेका. सही तर आहे."

सही सोमवारी करायची ठरली. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तो ते हो समजला.

शनिवारी दुपारी मी गेलो तर खुर्ची रिकामी. हेडली स्वयंपाकघराच्या फरशीवर होता, एका कुशीवर, गाल जमिनीला. किती वेळ होता कुणास ठाऊक. खालचं सगळं ओलं, आणि नुसतं ओलं नाही. मावशी चर्चमध्ये गोधडी शिवायला गेलेली.

"उनाला बोलव," तो म्हणाला.

उनाचं घर दोन मिनिटांवर. त्यांच्या खिडकीतला दिवा मला तिथून दिसत होता, धुक्यात पिवळा ठिपका. मी तो बघितला. बघितला हे नक्की आठवतं.

आणि मी जाकीट काढलं.

"सेल्बी. उनाला."

"थंडी वाजतेय तुला."

"उनाला बोलव म्हणतोय ना."

मी पाणी आणलं. त्याची पँट काढली. तो इतका हलका झाला होता की मला भीती वाटली. पाय पांढरे, गुडघ्यावर जुना व्रण, एकदा दोरात पाय अडकला होता तेव्हाचा. तेव्हा मीच चाकूने दोर कापला होता. मी पुसत गेलो. एकदा, परत एकदा, मग साबणाने. बाहेर धुक्यातल्या होड्यांसाठीचा भोंगा वाजत होता, लांबून, गाईसारखा. घर हळूहळू कुठेतरी चाललंय असं वाटत होतं, आणि त्याने डोळे मिटले होते. त्यालाही वाटत असेल का, विचारलं नाही.

"मुद्दाम करतोयस," तो डोळे न उघडता म्हणाला.

"नाही."

"मुद्दाम करतोयस, लबाडा."

मी त्याला कोरडं केलं, कपडे घातले, उचलून खुर्चीत ठेवलं. मुद्दाम केलं का? माणूस फरशीवर थंडीत पडलाय, त्याला दोन मिनिटंही तसंच ठेवायचं नाही, एवढं साधं होतं का? की तो दिवा बघितला तेव्हाच मला कळलं होतं की हे केलं तर सोमवारची सही गेली? हेच ते, ज्याचं उत्तर मला सापडत नाही. दोन्ही खरं वाटतं.

खुर्चीत टेकल्यावर तो म्हणाला, "आपण सांगायचं नाही."

"बरं."

"एकदाच झालं. ते मोजायचं नसतं."

"बरं म्हटलं ना."

सोमवारी नर्सबाईंनी टेबलावर कागद मांडले. मावशी चुलीशी पाठ करून कणकेचे गोळे तळत होती. तळायची काही गरज नव्हती, पण तिला पाठ करून उभं राहायला कारण पाहिजे होतं. नर्सबाई एकेक प्रश्न वाचत होत्या. वय. मृत्युपत्रात काही मिळणार का. नाही. हेडली खिडकीकडे बघत होता, दाढी केलेला, शर्टाचं वरचं बटण लावलेला.

"अर्जदाराची तुम्ही शारीरिक देखभाल करता का?"

तेल चुरचुरत होतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं.

"शनिवारी केली," मी म्हणालो. "पडला होता. धुतलं त्याला."

मावशीची पाठ थांबली. हेडलीने मान वळवली नाही.

"एकदाच?" नर्सबाईंनी विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं नव्हतं. मला वाटतं, त्या मला वाट देत होत्या.

"एकदाच."

"अडचणीत कुणीही करतं. त्याला नेहमीची सेवा म्हणत नाहीत." त्या थोडं थांबल्या. "म्हणजे पुढे तुम्ही ते करणार नाही आहात. बरोबर?"

आता फक्त मान हलवायची होती. खरंच, एवढंच.

"करीन," मी म्हणालो. "बोलावलं नाही तरी करीन. रोज करीन."

नर्सबाईंनी पेनला टोपण लावलं.

"मग तुमची सही मला घेता येणार नाही. हे काम जो पगार घेऊन करतो, त्याचीच चालली असती."

"क्लॅरिस," हेडली खिडकीकडे बघतच म्हणाला, "याला पाच डॉलर दे."

मावशी हसली. नर्सबाईही हसल्या, मग त्यांनी चष्मा काढून पुसला. गुरुवारी सेंट जॉन्सहून एक गृहस्थ स्क्रीनवर येतील, त्या म्हणाल्या. निवृत्त शिक्षक आहेत. तीन दिवसांचाच उशीर. मावशी त्यांना धक्क्यापर्यंत सोडायला गेली, गोळे कागदात बांधून घेऊन.

आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं, तो शिव्या घालेल. होडीवर घालायचा तशा.

"सगळा हिवाळा फुकट गेला," तो म्हणाला.

"हो."

"तुला एक कप उचलू दिला नाही."

"माहितेय."

"गुरुवारी तो मास्तर सही करेल. त्याचं मला काही नाही. मी थांबणार नाही, कळलं ना तुला?"

"कळलं."

"मग एक वचन दे. मला थांब म्हणायचं नाहीस."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. ते वचन मला देता आलं नाही, आणि त्यालाही ते दिसलं. त्याने पुन्हा मागितलं नाही. गालात कळ आली, त्याने चौकट धरली नजरेने, कळ गेली.

"उद्या मंगळवार," तो म्हणाला. "उनाची कंबर धरलीय. येशील अंघोळीला?"

"येईन."

"पाणी फार कढत नको. उना सोलून काढते मला, आणि तिला सांगायची सोय नाही."

"कोमट ठेवीन," मी म्हणालो. "वचन."