लाल फुलांचं कुरण

मी एक जुनी मेंढी आहे. मित्रांनो, माझी गोष्ट तुम्हाला मुळीच खरी वाटणार नाही. ज्यांच्या डोळ्यांदेखत ती घडली, त्यांना खाटकाने साक्षीला ठेवलेलं नाही. त्यामुळे माझ्यावरच भिस्त ठेवावी लागेल.

माझा जन्म पत्र्याच्या गोठ्यात झाला. माझी लोकर अशी दाट, की कातरणारा सकाळी तिच्यात शिरला तो थेट संध्याकाळी जेवायला बाहेर आला. मालक पाहुण्यांना हाताला धरून आणायचा. ‘‘ही बघा आमची राणी!’’ म्हणायचा.

मग एका वर्षी त्याने कुरणात नवं गवत पेरलं. तीन-तीन पानांचं, लाल गोंडेदार फुलांचं. माझ्या बहिणी मान वर करायच्या विसरल्या. सगळ्या गरगरीत झाल्या. पण कोकरांचा हंगाम आला, तरी एकही गाभण नव्हती.

आधी दोष कळपातल्या एकुलत्या एका मेंढ्यावर आला. ‘‘नुसता मिरवतोय लेकाचा!’’ म्हणत मालकाने त्याला खाटकाकडे धाडलं. दुसरा आणला. पुढच्या हंगामात पुन्हा तेच.

मालकाची आई कुंपणापाशी येऊन म्हणायची, ‘‘खायला सगळ्यात पुढे, आणि एक पिल्लू द्यायचं नाव नको!’’ हे ती आमच्याकडे बघून म्हणत नसे. पाण्याची बादली घेऊन आलेल्या सुनेकडे बघून म्हणत असे.

शेवटी जनावरांची डॉक्टरीण आली. तिने आम्हाला तपासलं, कुरणात फिरून एक फूल खुडलं.

‘‘मेंढा निर्दोष होता हो,’’ ती म्हणाली. ‘‘मादीच्या अंगात एक रस असतो. गर्भाशयाने कधी तयार व्हायचं, ते तो ठरवतो. या गवतात त्याची नक्कल आहे, आणि शरीर नकलेला भुलतं. थोडे दिवस खाल्लं तर सावरतं. पण हंगामामागून हंगाम खाल्लं की गर्भाशयाचं तोंडच बिघडतं, ते कायमचं.’’

‘‘औषध नाही का काही?’’ सुनेने हळूच विचारलं.

‘‘तुला गं कशाला पंचाईत?’’ सासू म्हणाली.

‘‘मग पेरलेलं गवत टाकून देऊ?’’ मालकाने विचारलं.

‘‘ज्यांची पिल्लं हवीत त्या मेंढ्यांना यापासून लांब ठेवा. कापायच्या जनावरांना खुशाल घाला. वजन छान चढतं.’’

‘‘म्हणजे काही वाया गेलं नाही!’’ म्हातारी खुदकन हसली.

माझ्या सगळ्या बहिणी गेल्या. मी एकटी उरले, कारण मित्रांनो, मी ते गवत चाखलंच नव्हतं! पहिल्याच दिवशी मला वासात खोट कळली. मी वर्षभर कुंपणाचे खांब चाटून जगले, आणि त्या हंगामात एका दमात सात कोकरं दिली. मालकाने हात जोडून मला जन्मभराचं अभय दिलं. म्हणून पोरांनो, पुढ्यात आलेलं सगळं तोंडात कोंबू नका. आधी हुंगा. आधी विचार करा, की हे आपल्याला कोणी आणि कशासाठी—

‘‘पुरे गं ताई!’’ शेजारी चरणारी माझी काळतोंडी बहीण ओरडली. ‘‘एकटी उरलीस म्हणे! मग मी कोण, खांब? सात कोकरं सांगतेस, आणि तोंडातून लाल पाकळ्या गळताहेत. एवढं अभय आहे ना तुला? मग सांग की या पोरांना, आपल्याला सगळ्यांना आज या कुरणात कशाला सोडलंय ते!’’