रिकाम्या कांड्या

माझ्या बायकोच्या, शालूच्या तेराव्याला मी गोठा झाडून काढला. पत्र्याखालच्या वाशाला तिनं रिकाम्या कांड्या खोचून ठेवल्या होत्या. गाय भरवताना वळूच्या वीर्याची जी बारीक नळी वापरतात, ती कांडी. तिच्यावर वळूचा नंबर छापलेला असतो. शालूला वाचता येत नव्हतं, पण ती आकडे ताडून बघायची. बापाची कांडी लेकीला लागू द्यायची नाही. मला तो कचरा वाटला. चुलीत घातला.

महिन्याभरात गौरी माजावर आली. ही कालवड शालूनं बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. गाई भरवणारा नानासो आला.

"आप्पा, लय भारी वळू हाय. लेकी तीस-तीस लिटर देत्यात. आख्ख्या गावात ह्योच चालतोय."

"मग त्योच भर," मी म्हणालो.

नऊ महिन्यांनी पाडी झाली. मागचे पाय पोटाशी मुडपलेले, खालचा जबडा आखूड. तिला सड तोंडात धरता येईना. इस्लामपूरहून डॉक्टर आले. त्यांनी बापाचा नंबर विचारला. नानासोनं मोबाईलमध्ये बघितलं, मग गौरीच्या बापाचाही बघितला. एकच निघाला.

"वैनी असत्या तर आडवलं असतं," तो हसला. "पर जनावराला कसलं नातं, आप्पा? कास बघा की."

गौरीची कास मोठीच होती. ताणलेली, शिरा फुगलेल्या. पाडी दुसऱ्या दिवशी दुपारी मेली आणि दूध येतच राहिलं. शेजारणी खरवसाला चीक मागायला आल्या. मी सगळा देऊन टाकला. नानासोची किळस आली, माझी त्याहून जास्त. भर म्हणणारा मीच.

दोन महिन्यांनी गौरी परत माजावर आली.

"कुठला आणलायस?"

"त्योच. एका खेपंला तसं झालं म्हणून काय..."

"दुसरा आण."

"दुसऱ्याचं दूध कमी हाय, आप्पा."

"असू दे. न्हाईतर येऊ नगंस."

पुटपुटत गेला. संध्याकाळी दुसरी कांडी घेऊन आला. मी चष्मा लावून गौरीच्या बापाच्या नंबराशी आकडे दोनदा ताडले. भरवून झाल्यावर रिकामी कांडी मागून घेतली आणि शालूच्या वाशाला खोचली.

बाकीच्या तीन गाई नानासो गावात येण्याआधीच्या, त्यांचे नंबर त्याच्या मोबाईलमध्ये नाहीत. त्यांचे बाप मी चुलीत घातले.