मांडीवर सूप असताना

विडीचं पान आदल्या दिवशी भिजवावं लागतं. भिजलेलं पान दुसऱ्या दिवशी वळलं नाही तर काळं पडतं, आणि काळ्या पानाची विडी कोणी घेत नाही. म्हणून विडीच्या बाईला सुट्टी नसते. सव्वीस जानेवारीलाही नसते. मिरजगावच्या विडी कारखान्याच्या शेडपुढं झेंडावंदन व्हायचं तेव्हा बाया झेंड्यापुरत्या उभ्या राहायच्या आणि मांडीवर सूप घेऊन पुन्हा खाली बसायच्या. भाषण चालू, विड्या चालू.

संघटनेची सभाही तशीच व्हायची. हात वर करायचा म्हटला तर सुपातली तंबाखू सांडते, वळती विडी उलगडते. म्हणून तोंडानं मत द्यायची रीत पडली होती. सचिव ठराव वाचायचे, "मंजूर?" म्हणून विचारायचे, आणि बाया खाली मानेनं "व्हय" म्हणायच्या. त्यांना या रीतीचा अभिमान होता. हात मालकाचे असले तरी तोंड आपलं आहे, असं त्या म्हणायच्या.

बहात्तर साली प्रजासत्ताक दिनाला शेड जास्तच सजवली होती. बांगलादेशची लढाई नुकतीच जिंकलेली, आणि मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक. त्या दिवशी छबूबाई सुपाशिवाय आली.

दिवाळीआधी तिला कामावरून काढलं होतं. कोंडीराम चेकर रोज प्रत्येकीच्या विड्यांतून मूठभर विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. खराब विड्या फेकायच्या, असा त्याचा अर्थ. पण कोंडीराम चांगल्याच विड्या काढायचा आणि त्या त्याच्या पिशवीत जायच्या. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. एक दिवस छबूबाईनं ती पिशवी धरली आणि सगळ्यांदेखत फरशीवर उपडी केली. मालकानं तिचं कामाचं कार्ड काढून घेतलं. संघटनेचे सचिव काकासाहेब नगरहून आले आणि म्हणाले, "सव्वीस जानेवारीला ठराव करू. तुम्हाला कामावर घेतल्याशिवाय शेड चालू देणार नाही."

त्या शब्दावर तिनं हिवाळा काढला. पावसानं हात आखडलेला, रानात खुरपणीही नव्हती. घरात म्हातारी सासू आणि दोन पोरी. विडीशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं.

छबूबाई बौद्धवाड्यातली. तिच्या वस्तीत सव्वीस जानेवारी म्हणजे घरचा सण. ती पांढरं लुगडं नेसून आली आणि बनुबाईशेजारी बसली. त्या दोघींची जागा वर्षानुवर्षं शेजारीशेजारी होती.

"आज लगीन हाय व्हय गं तुजं? लई नटलीस," बनुबाई म्हणाली.

"लगीनच म्हन. उद्यापास्नं परत नांदायला येते हितं."

"मंग सूप तरी आनायचं. रिकाम्या हातानं नांदाय येत्यात का?"

दोघी हसल्या. मागून म्हातारी साळूबाई म्हणाली, "तू न्हाईस तर कोंडीराम लई माजलाय बघ. काल माज्या अर्ध्या जुड्या छाटल्या. म्हनला, आजी, तुजी नजर गेली. मी म्हनलं, नजर हाय बाबा, म्हून तर तुजी पिशवी दिसती."

तेवढ्यात जीप आली. काकासाहेब उतरले, आणि त्यांच्यामागून मालकाचे व्याही. ते या भागातून निवडणुकीला उभे होते. झेंडा त्यांनीच फडकवला. दोरी नीट करून त्यांच्या हातात दिली ती कोंडीरामनं. छबूबाईनं बनुबाईकडं बघितलं. बनुबाई झेंड्याकडं बघत होती.

सगळ्या खाली बसल्या आणि काकासाहेबांचं भाषण सुरू झालं. त्यांचा आवाज भरदार होता. "बावीस वर्षांपूर्वी या देशात राजे संपले. आज राजा कोण? तुम्ही! तुमच्या एका मतानं दिल्ली हलते."

"दिल्ली हालती, पर मालक तंबाखू कमी तोलतो त्यो काटा काय हालंना," साळूबाई पुटपुटली, आणि आसपासच्या बाया खुसूखुसू हसल्या.

मग ठराव. पहिला, लढाईत पडलेल्या जवानांना श्रद्धांजली. मंजूर? व्हय. दुसरा, शेडमध्ये पिण्याच्या पाण्याचा रांजण. मंजूर? व्हय. तिसरा ठराव काकासाहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन भरभर वाचला. "लोकशाहीच्या या पर्वात औद्योगिक शांतता अबाधित राहावी म्हणून व्यवस्थापनाविरुद्धची सर्व प्रलंबित प्रकरणे, बडतर्फीच्या प्रकरणासह, ही सभा मागे घेत असून आजच्या प्रमुख पाहुण्यांना निवडणुकीत जाहीर पाठिंबा देत आहे. मंजूर?"

"व्हय," सगळी शेड म्हणाली. बनुबाईही म्हणाली. तिची मान खाली होती, बोटं पानावर होती.

त्या गर्दीत एकाच बाईचे हात रिकामे होते, म्हणून तिला सगळं ऐकू आलं.

"न्हाई!" छबूबाई उभी राहिली.

काकासाहेबांनी चष्मा काढला. "बसा, छबूबाई. मत सभासदांचं घेतोय. तुमचं कार्ड जमा आहे."

"कार्ड मालकानं घेतलं. संघटनेनं कवा घेतलं?"

"कामावर असेल तो सभासद. नियमच आहे तसा."

"कामावर घ्या म्हून तर ठराव हुता! तुमीच म्हनला हुता." ती बायांकडं वळली. "बायांनो, काय वाचलं त्यांनी? कुनी ऐकलं का? माजी तक्रार मागं घेतली. तुमी व्हय म्हनलात."

माना वर झाल्या. बोटं थांबली. "आं?" बनुबाई म्हणाली. "काकासाहेब, आमच्या ध्येनात न्हाई आलं. परत घ्या मत."

"घ्या परत," दोघीतिघी ओरडल्या.

उमेदवार खुर्चीत जरा सावरून बसले. काकासाहेब त्यांच्या कानाशी वाकले आणि मग हसत सरळ झाले. "घेऊ की. लोकशाही आहे. पण असा गलका नको, नीट दिसलं पाहिजे. ज्यांना ठराव नको, त्यांनी हात वर करा. कोंडीराम, मोज रे."

कोंडीराम पुढं येऊन उभा राहिला. त्याला शेडमधला एकेक चेहरा, एकेक नाव ठाऊक होतं. उद्या प्रत्येकीचं सूप त्याच्याच पुढं यायचं होतं. तो नुसता बघत राहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बनुबाईचा हात सुपातून उठला. कानापर्यंत गेला. तिथं तिनं पदर सारखा केला आणि हात खाली घेतला. साळूबाई पान कापायला लागली.

"एकही नाही," काकासाहेब म्हणाले. "ठराव एकमतानं मंजूर."

जिलेबी वाटली तेव्हा छबूबाई फाटकाबाहेर होती. काकासाहेब तिच्या मागं आले. "रागावू नका. मोठ्या लढाईत थोडं मागं सरावं लागतं. निवडणूक होऊ द्या, मग तुमचं बघतोच. आणि मतदान चुकवू नका, तुमचं नाव यादीत आहे."

"तिथं कार्ड लागत न्हाई का?" छबूबाईनं विचारलं. ते जीपकडं गेले.

दुष्काळी कामातली खडी फोडायला ती जाऊ लागली. हाताला फोड आले, फोडांचे घट्टे झाले. विडी वळायची बोटं महिन्याभरात गेली. पातळ पान त्या बोटांना कळेनासं झालं.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढं बायांची रांग होती. बनुबाई येऊन छबूबाईच्या मागं उभी राहिली. त्या दिवसानंतर दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या. मग बनुबाई तिच्या कानाशी लागली.

"छबू, आत पडदा हाय. हितं कोंडीराम बघत न्हाई. म्या त्या मानसाच्या इरुद्ध शिक्का मारनार. तुज्यासाठी. साळूबाई बी मारनार हाय."

छबूबाईनं मागं वळून तिच्याकडं बघितलं.

"त्यानं मला सूप मिळंल का गं?"

रांग पुढं सरकली, तशा त्याही सरकल्या.